हयात

पत्रिकेवर छापलं होतं :
हयात संगीतकारांच्या नव्या रचना,
केवळ सुषिर वाद्यांसाठी.
सुषिर म्हणजे काय, दस्तगीरनं विचारलं.
भोक असलेलं, मी म्हटलं.
मग आपण सगळेच की बे, तो म्हणाला
आणि ट्यूबा खांद्यावर चढवला.

हयात हा शब्द आम्हाला बँकेतून ठाऊक.
नोव्हेंबर लागला की अंबादास येमूल
पेन्शनीच्या रांगेत, हयातीच्या दाखल्यासाठी.
यंत्रावर अंगठा ठेवतात, यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा.
चाळीस वर्षं सूत फिरलं त्या बोटांवरून,
रेघा सुताबरोबर गेल्या
कुठल्या चादरीत, कुणाच्या पांघरुणात, कोण जाणे.
तेच येमूल आज पहिल्या रांगेत,
इस्त्रीचा सदरा, मांडीवर स्वतःच्या अक्षरातली वही.

पंचवीस वर्षं क्लॅरिनेट माझ्या तोंडात.
वाजवलं ते गेलेल्यांचं, नाहीतर फार लांबच्यांचं.
चुकलं तर विचारायला कुणी येत नसे,
वरातीत कोण ऐकतंय.
इथं चुकलो की पहिल्या रांगेतली मान वर होते.
जिवंत माणसाची हीच पंचाईत.

आधी रेश्मा बिराजदारची रचना झाली.
ती शाळेत गणित शिकवते. सातचा हिशेब होता,
पाचव्या मात्रेला आम्ही हरवलो,
कशीबशी सातवीला गाठ पडली.
टाळ्या बऱ्या पडल्या.

मग 'तिसरी पाळी'.
पंखे बंद करा, येमूल मागं वळून म्हणाले.
मे महिना, सोलापूर, रात्रीचे साडेआठ.
मल्लप्पा बटणापाशी उभा राहिला,
लोकांकडं बघितलं, छताकडं बघितलं,
आणि एकेक करून सगळे थांबवले.
पाती थांबायला केवढा वेळ घेतात
ते त्या दिवशी कळलं.

पहिल्या अकरा ओळींत सूर नाही.
नुसती हवा फुंकायची, नळीतून, बोटं सैल सोडून.
तालमीत हमीदचाचा रुसले होते :
हवेचे पैसे आजवर कुणी दिलेत का?
येमूल हसले. मेल्लगा, म्हणाले.
तेलुगूत ते मेल्लगा, इरण्णाच्या कानडीत मेल्लगे.
आम्ही मधले, दोन्ही बाजूंनी हळू झालो.

बावीस माणसांची हवा.
सुरू व्हायच्या आधीचं खातं असं वाजायचं म्हणे,
दिवे लागलेत, पट्टा अजून चढायचाय,
कुणीतरी डबा खाली ठेवतंय.

मग भोंगा.
तो दोन सुरांच्या मधला, कुठल्याच पट्टीत न बसणारा.
खाली घे, अजून, केसभर, असं करत
महिनाभर त्यांनी तो आमच्याकडून काढून घेतला होता.
बरोबर आहे की नाही हे सांगणारं
दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.
गिरणीला कुलूप, भोंगा भंगारात,
सूर फक्त त्यांच्या कानात शिल्लक.

युफोनियमनं धरला, ट्रंपेटनं वर उचलला,
मी खालून टेकू दिला
आणि मागच्या रांगेत एक म्हातारी
काही न कळता उठून उभी राहिली.
पदर सावरला. पिशवी शोधली.
मग बसली, शेजारणीकडं बघून ओशाळली.

येमूलांनी ते पाहिलं नाही.
ते डोळे मिटून, गुळगुळीत अंगठा
वहीच्या कडेवर घासत होते.

संपल्यावर मल्लप्पानं आधी पंखे लावले,
टाळ्या त्यानंतर.
दारात एकानं कार्ड मागितलं :
बाराला लग्न आहे, पण असलं नको हं, नाचायला येईल असं.

बाराला गेलो. लाल कोट, झिलईचे खांदे,
ऊन डांबरातून वर येत होतं.
नवरदेव घोड्यावर, सगळे खोळंबलेले.
मी क्लॅरिनेट तोंडाला लावली
आणि गाण्याआधी, कुणाला न सांगता,
नुसती हवा सोडली. मेल्लगा.
दस्तगीरनं वळून बघितलं.
घोड्यानं एक कान माझ्याकडं फिरवला.