शपथपत्र

झेरॉक्सवाल्यानं पाठकोऱ्या कागदावर काढून दिलंय.
कन्नडात आहे. कट्ट्यावर वाचून दाखवायला मीच,
खानापूर कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलेला.

एकूण खटले नऊ.

पहिले सहा काळ्या दिनाचे :
बेकायदा जमाव, फलकाला डांबर, पोलिसाच्या काठीला हात.
प्रत्येक कलमाला टाळी पडते.
चौथ्यात आरोपी क्रमांक सात मी होतो.
हिंडलग्याच्या भातातला खडा अजून दाढेला आठवतो.
त्या रात्री भरमाण्णानं आपली चादर
माझ्या अंगावर टाकली.
शपथपत्रात त्याला रकाना नाही.

सातवा, जीपनं धडक. तडजोड झाली.

आठव्याला माझा आवाज बसतो.
पतसंस्था. ठेवीदार चारशे बारा. ‘वंचने’.
“मराठीत सांग की,” यल्लूबाई घाडी म्हणते.
तिला ठाऊक आहे.
कौलांच्या भट्टीवरची अठरा वर्षं
तिच्या पासबुकात पडून आहेत.

“आरोप आहे, शिक्षा नाही अजून,”
मी सवयीनं म्हणतो.

“माझे पैसे पण भाषेसाठीच घेतला काय गा त्यो?”

कुणी हसत नाही.
नववा वाच म्हणून कुणी सांगत नाही.

परवा दारात आला होता. वाकून नमस्कार केला,
गुडघा कसा आहे विचारलं,
आपल्या मराठीत, हेल काढून.
मी चहा ठेवायला सांगितला. काय करणार.

बुधवारी मतदान.
उठताना यल्लूबाईनं कागद मागून घेतला.
तिला कुठलीच लिपी वाचता येत नाही.
चार घड्या घातल्या,
आणि पासबुकात ठेवला.