दोन बोटांचा फरक

टूसॉनमध्ये सकाळचे सात वाजले होते
आणि अंगणातली फरशी आधीच पायाला चटके देत होती.
स्ट्राउड नवरा-बायको पोहण्याच्या तलावाच्या
दोन टोकांना उभे,
एकमेकांना पाण्यात पाहत.

वेंडेल म्हणाला, ऊनच पितंय, दुसरं कोण.
मग म्हणाला, नातवंडं उड्या मारतात.
मग म्हणाला, कुत्रा.
व्हर्लीन काहीच म्हणाली नाही.
पाण्याची तीन बिलं तिने टेबलावर
दगडाखाली दाबून ठेवली होती.

मी एफ्राइन बुस्तामांते. तेवीस वर्षं हेच करतो.
लोकांना वाटतं, हा पाणी थांबवतो.
मी फक्त विचारतो त्याला,
बाबा रे, निघालंस कुठे?

आधी बादली.
साधी, पांढरी, रंगवाल्याकडची.
पायरीवर ठेवायची, तलावाच्या पातळीइतकी भरायची,
आत एक खूण, बाहेर एक खूण, पेन्सिलीने.
उन्हाला म्हणायचं, दोन्हीकडचं सारखंच पी.
दुसऱ्या दिवशी बादलीत अर्धं बोट कमी.
तलावात अडीच.
मधली दोन बोटं
उन्हाची नव्हती. कुत्र्याचीही नव्हती.
वेंडेलने बादलीकडे पाहिलं
उलटलेल्या साक्षीदाराकडे पाहावं तसं.

मग एक रात्र पंप बंद, एक रात्र चालू.
फरक तेवढाच. म्हणजे नळ्या निर्दोष.
मी म्हणालो, आता भरू नका, उतरू दे.
जिथे थांबेल, तिथे भोक.
अकरा दिवस पाणी निळ्या भिंतीवरून
खाली खाली येत गेलं,
मागे पांढरी रेघ ठेवून,
आणि दिव्यापाशी येऊन
शहाण्यासारखं थांबलं.
त्यानंतर रोज अर्धं बोट. बादलीइतकंच.

परत चार बोटं भरलं. संथ होऊ दिलं.
दिव्याची वाटी बाहेर काढली, श्वास धरला,
आणि मागच्या वायरच्या नळीशी
सिरिंजमधून लाल रंगाचा एक थेंब सोडला.
थेंब पसरला नाही.
लांब झाला, बारीक झाला,
आणि सुईत दोरा ओवावा तसा
नळीत शिरला.
तेवीस वर्षं झाली,
अजूनही त्या क्षणी मी पाण्याखाली हसतो
आणि नाकात क्लोरीन जातं.

वर येऊन नळीची दिशा पाहिली:
फरशीखालून, गुलाबांच्या सुकलेल्या वाफ्याखालून, भिंतीकडे.
भिंतीपलीकडे सोकोरो इबार्राचं अंजीर.
सगळ्या गल्लीत झाडांनी माना टाकलेल्या,
आणि याची पानं तळहाताहून मोठी, काळपट हिरवी.
चार उन्हाळे ती टोपली आणून देत होती,
वर ओलं फडकं घालून.
वेंडेल खायचा आणि म्हणायचा,
बाईच्या हाताला गुण आहे.

पाणी मुरत होतं ते इथे.

वेंडेल खाली बसला.
हिशेब करत होता की हसत होता, कळेना.
व्हर्लीनने विचारलं, रोज किती जायचं?
ऐंशी-पंच्याऐंशी बादल्या, मी म्हणालो.
आणि झाडाला किती लागतं?
ते मला माहीत नव्हतं.
इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

लांबी मळली, नळीचं तोंड बुजवलं,
रंगाचा थेंब पुन्हा सोडला.
या वेळी तो तिथेच घोटाळला,
पत्ता हरवलेल्या माणसासारखा,
मग विरघळला.

दुसऱ्या संध्याकाळी बादली न्यायला गेलो
तर पायरीवर नव्हती.
भिंतीवर होती, पालथी,
आणि पलीकडून ओल्या मातीचा वास येत होता.
उलटून पाहिली. पेन्सिलीची खूण तशीच.
परत ठेवली जिथल्या तिथे.
बिलात धरली नाही.