भट्टी बंद, माइक चालू

गुरुवारी रात्री आठला तीन मिनिटं कमी असताना
मी कोटांच्या कपाटात शिरतो.
हाच आमचा स्टुडिओ, तळघरातला:
एक माइक, दोन टर्नटेबल, दुधाच्या क्रेटवर उशी,
आणि तिन्ही बाजूंना टांगलेली तीन पिढ्यांची लोकर.
इथे आवाज घुमत नाही.
बापाचा मेंढीच्या कातड्याचा कोट
माझं "शुभ संध्याकाळ, मंडळी" निम्मं गिळतो,
उरलेलं तारेवरून डॉफिनच्या मनोऱ्यावर चढतं
आणि तिथून गव्हाच्या शेतांवर,
जी या दिवसांत कशाचीच नसतात, नुसती पांढरी.

बाहेर उणे एकतीस.
अडचण अशी, की घर तापवणारी भट्टी
कपाटाच्या भिंतीला लागून आहे.
सुरू झाली की म्हाताऱ्या रेड्यासारखी फुरफुरते.
म्हणून मी बोलतो तेव्हा भट्टी बंद,
गाणं लागलं की चालू.
हे खातं वरच्या मजल्यावर, ओरिसियाकडे.

तिला माझी गाणी आवडत नाहीत.
बावन्न वर्षांत एकदाही म्हणाली नाही, हे परत लाव.
थर्मोस्टॅटपाशी खुर्ची टाकून बसते, मांडीवर विणकाम,
कान स्वयंपाकघरातल्या रेडिओकडे.
पण विचारा, कुठलं गाणं किती लांबीचं.
दोन मिनिटं एक्केचाळीस, सांगेल,
आणि शेवटी फसवतं,
संपलं वाटतं नि पुन्हा उठून बसतं, मेलं.

जानेवारीत मी लांब गाणी निवडतो.
याला संगीताची जाण म्हणू नका.
पाय गारठतात.

श्रोते किती, कुणी मोजलेले नाहीत.
फोन करणारे तिघं.
लॉर्न, रात्रभर ट्रकनं रस्त्यावरचं बर्फ ढकलणारा;
गिम्लीच्या गुद्रूनबाई, दिवंगत नवऱ्यासाठी पोल्का मागतात
आणि संपल्यावर सांगतात, त्याला ती सहन व्हायची नाही;
आणि व्हर्नन,
धान्यकोठाराचा निवृत्त हिशेबनीस.
त्यानं एकदा पत्र लिहिलं, रेघांच्या कागदावर:
"तुमच्या त्या वॉल्ट्झमध्ये दुसऱ्या कडव्यानंतर
एकदाच ढोल वाजतो.
मी विनिपेगहून नवी प्रत मागवली.
तिच्यात ढोल नाही.
तुमची कोणत्या सालची?"

काय सांगणार.
त्या तबकडीवर चरा आहे,
ओरिसियाच्या भावाच्या लग्नातला;
कुणीतरी तिच्यावर कोबीच्या गुंडाळ्यांची परात ठेवली होती.
सुई तिथे येते आणि "उद्या, उद्या, उद्या" करत बसते.
बसली असती, म्हणजे.
पण अर्धा ठोका आधी
वरून एक टाच आपटते
आणि सुई पुढे निघून जाते.

एकोणीस वर्षं हा ढोल वाजला.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.
डॉक्टरनं बजावलं: टाच जपून टेकायची.
ती घरी आली त्या गुरुवारी
मी ती वॉल्ट्झ का लावली, माहीत नाही.
दुसरं कडवं संपत आलं, मी सुईवर हात धरून थांबलो.
वर वॉकर सरकल्याचा आवाज,
सरकला, थांबला, सरकला,
आणि मग दोन ठोके, लागोपाठ, ॲल्युमिनियमचे.
सुई उडाली. जरा जास्तच उडाली,
अख्खी एक ओळ गिळून उतरली.

फोन वाजला.
"आता ढोलवाले दोन झाले," व्हर्नन म्हणाला, संशयानं.
म्हटलं, जुना रजेवर आहे,
बदली माणसं आहेत.
"नोंद करतो," तो म्हणाला.

गाणं संपलं. मी माइक उघडला.
भट्टी तशीच फुरफुरत होती.
खुर्चीपासून वॉल्ट्झपर्यंत गेलेली बाई
अजून थर्मोस्टॅटपर्यंत परतली नव्हती.
मी वाट पाहिली नाही.
त्या रेड्याच्या श्वासावरून बोलत राहिलो,
हवामान, गुद्रूनबाईंची पोल्का, लॉर्नचा रस्ता,
नेहमीपेक्षा बरंच जास्त,
आणि पाय पहिल्यांदाच गरम होते.

कुणी तक्रार केली नाही.
व्हर्नननं तेही लिहून घेतलं असणार.