काट्यांचा पट्टा

रसूलचाचांनी सायकलची जुनी चेन
काजळ्याच्या मानेवर मापली, दोन बोटं ढील सोडून,
आणि अडीच इंची खिळे, डोकी छाटून,
टोकं बाहेर ठेवत एकेक जोडले.
आतून ट्यूबचं रबर, घासू नये म्हणून.
वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या तरी काजळ्या हलला नाही,
तीन पायांवर तोल सांभाळत उभा राहिला.

चौथा पाय मागल्या पावसाळ्यात गेला.
ओहोळाच्या कडेला कुणीतरी डुकरासाठी
क्लच वायरची फासकी लावली होती.
कुणीतरी म्हणजे कोण, ते साऱ्या शिवाराला ठाऊक.
त्याच्याच घरून लग्नाची पत्रिका आली,
आणि आम्ही गेलो, जेवलो, आहेर केला.

म्हणून चाचांना म्हटलं,
पाय माणसाने नेला,
मान तरी वाघाला द्यायची नाही.
चाचांनी पैसे घेतले नाहीत.
म्हणाले, तो आधी मानच धरतो,
एवढी एक जागा राखली की झालं.

दारणेच्या काठाला ऊस हेच आता त्यांचं घर.
उसात जन्मलेली पिल्लं,
त्यांना जंगल कुणी दाखवलंच नाही.
आमची वीज रात्री साडेबाराला येते.
वाळिबा मोटर चालू करायला जातो
तो मोबाइलवर बाजारभाव मोठ्याने लावून.
कांद्याचा भाव ऐकला की वाघ लांब राहतो, म्हणतो.
गोठ्याला आम्ही खालपासून वरपर्यंत जाळी मारली,
दाराला दोन कड्या,
तरी मी रात्रीतून तीनदा उठते
आणि शेळ्या मोजते. सात. सात. सात.

सोमवारी पिंजरा आला.
गांगुर्डे मॅडम म्हणाल्या, सावज लागेल, एखादी शेळी.
सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.
मी भुंडीला दिली.
दोन वर्षं आटलेली, दातही पडलेले.
मॅडम म्हणाल्या, आतला कप्पा वेगळा आहे,
मध्ये दुहेरी जाळी, केसाला धक्का लागणार नाही.
ते मला कळलं.
भुंडीला कुणी सांगायचं?

ती ओरडत राहिली, तीन वावरं ओलांडून ऐकू येईल एवढी.
मी कानांत कापूस घातला.
कापसातूनही ती माझंच नाव घेत होती,
म्हणजे शेळी घेईल तसं.
दोनच्या सुमाराला गप्प झाली.
मग मी कापूस काढला
आणि उजाडेपर्यंत ती शांतता ऐकली.

सकाळी दार पडलेलं होतं.
आत काजळ्या.
जाळीला पाठ लावून बसलेला, पट्ट्यासकट,
आणि जाळीच्या पलीकडे, त्याच्याच पाठीला टेकून,
भुंडी रवंथ करत होती.

बाहेर ओल्या मातीत ठसे. पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या,
आणि एका जागी माती दबलेली,
शेजारी शेपटीची लांब रेघ.
तो तिथे बराच वेळ बसला असावा.
बघत असावा त्या दोघांकडे,
की आमच्या घराकडे, ते मातीवरून सांगता येत नाही.

मॅडमनी ठसा मापला, कागदावर लिहिलं,
सावज सुरक्षित, बिबट मिळाला नाही.
काजळ्यासाठी रकाना नव्हता.
वाळिबा हसला. म्हणाला, काल रात्री अख्ख्या शिवारात
हे दोघंच तेवढे कडीकुलपात होते.
कुणीच पुढे काही बोललं नाही.

दहा वाजता कांदा लावायला बाया आल्या.
थंडी होती, डोक्याला रुमाल बांधलेले,
ओळीने वाकल्या, अकरा जणी,
उसाकडे पाठ करून.
रोप हातात घेऊन मी बांधावरच उभी राहिले.
एकेकीची उघडी मान बघत राहिले, मोजत राहिले.

रसूलचाचा,
चेन उरली आहे का थोडी?