स्थावर की जंगम

शारजाच्या कोर्टातून आलेल्या यादीत
मुनाफ पेवेकरच्या मागे उरलेलं एवढंच होतं:
तडा गेलेला मोबाइल,
पकड-पाने ठेवायची पत्र्याची पेटी,
सतरा दिवसांचा पगार,
आणि तळाशी, कारकुनानं अडखळत लिहिलेलं,
'बर्फातलं घर, खेळातलं.'
शेजारचा रकाना कोरा.
स्थावर की जंगम, ते त्याला ठरवता आलं नव्हतं.

म्हणून कागद माझ्या टेबलावर आला.
दुबई, तेविसावा मजला. काच उघडत नाही.

मी कायदा शिकले सांगलीत.
बांध, वहिवाट, विहिरीतला चार आणे हिस्सा.
इथं खेळातल्या कवट्या काढून तिथं दगड ठेवते,
दारूच्या बाटलीत डाळिंबाचा रस भरते,
कुठल्या देशात सोळा वर्षं, कुठल्या देशात अठरा, याचा तक्ता सांभाळते.
पैसे भरल्याशिवाय उघडत नाही ती बंद पेटी,
आत काय निघेल ते ठाऊक नसतं,
तर हा जुगार की दुकान?
यावर तीन बैठका झाल्या.
चौथीत पेटीचं नाव बदललं. आता ती 'भेट' आहे.

कलम एकोणीस तर मीच तपासलेलं:
खातं खेळाडूच्या मालकीचं नाही, त्याला वापरायची फक्त मुभा.
मुभा वारसाकडे जात नाही.
वाद झाला तर तो अशा शहरात चालेल
जिथं मुनाफ कधी गेला नव्हता.
मीही नाही.
एकशे ऐंशी दिवस कुणी फिरकलं नाही,
तर सगळं पुसलं जाईल.

त्या दिवशी एकशे एकसष्टावा होता.
मी आत गेले. तपासणीसाठी, नियमाला धरून.

दिवसभर तापल्या गच्च्यांवर
लोकांच्या खोल्या गार करणारा माणूस
रात्री लेबर कॅम्पच्या वरच्या बंकवर पडून
बर्फात घर बांधत होता.
चार वर्षं. एकेक लादी.
पडवी, माजघर, मागीलदारी न्हाणी.
त्या बर्फाच्या देशात कौलं मिळत नाहीत,
तर त्यानं ढाली विकत घेऊन छपरावर पालथ्या घातलेल्या.
दोनशे अकरा ढाली, प्रत्येकी सहा दिरहम.
पावत्या आमच्याकडे आहेत.
लढाई एकही नाही.
दाराची पायरी मात्र बेढब उंच,
का, ते कळेना.

बहिणीचं पत्र खेडहून, भाच्याच्या अक्षरात:
'बाई, घर विकायचं नाय, पैसे नको.
मामू बोललेला, फुरकान, तुला बसायला पायरी केलीय,
तू बस, मी कामावरून येतो.
माझ्या पोराला एकदा बसूं द्या.
तो अकरा वर्षांचा आहे.'

खेळ सोळा वर्षांवरच्यांसाठी.
तक्ता माझ्याच सहीचा.

उत्तराचे सहा नमुने तयार असतात.
चौथा असा सुरू होतो:
'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, परंतु'.
'परंतु'पर्यंत टाइप केलं,
आणि बांधाच्या दाव्यांतला एक जुना धडा आठवला.
निकाल लागेपर्यंत
कुणी वावरातली काडीही हलवायची नाही.

आमच्याकडेही आहे तसं, कलम बत्तीस, पोटकलम तीन.
प्रकरण प्रलंबित असेल तर खातं पुसता येत नाही.
किती काळ प्रलंबित, ते लिहायला कुणीतरी विसरलेलं.
बहुधा मीच.

कागद अडवून ठेवणारे, ही आमच्या धंद्याची बदनामी जुनी.
म्हटलं, असू दे.
सोळाव्या वर्षी फुरकान स्वतःच्या नावानं येईल,
पाहुणा म्हणून.
पाहुण्याला कुठलंच कलम नाही.

कोर्टाचा कारकून दर महिन्याला फोन करतो.
भला माणूस आहे, रकाना भरायचा राहिलाय म्हणून त्याला झोप नाही.
विचारतो, बाई, काय लिहू, स्थावर की जंगम?
मी सांगते,
चौकशी चालू आहे.