बारदान वजा

हरिपूर रस्त्यावरच्या आमच्या वाचनालयात
दाखल-नोंदवहीला सात रकाने आहेत.
सहावा: प्रकार.
तो कोरा ठेवायचा नाही, सदलगे सर म्हणतात,
कोरा दिसला की ऑडिटवाला लाल पेनानं गोल करतो.

मगदुमांची शैला एक चोपडी घेऊन आली.
लाल कापडाची पाठ, दोरा सुटलेला,
वास असा, की टेबलावर ठेवल्याठेवल्या
पेपर वाचणारे दोघे शिंकले.
"आप्पांची. यार्डात तोलार होते एकतीस वर्षं.
रद्दीवाला घेईना. पिवळी पडलीय म्हणाला."

उघडली.
राजापुरी, बावीस पोती, बारदान वजा.
कणी, नऊ पोती, बारदान वजा.
त्याच्याखाली त्याच शाईत, मध्ये रेघसुद्धा न मारता:
मिरजेला उरुसात रात्रभर बसलो.
पहाटे बाईंनी गांधार लावला,
तो अजून काट्यावर आहे, उतरत नाही.
मग शेपू, मूगडाळ घालून, कसा करायचा ते.
समासात तराजूचं चित्र,
एका पारड्यात आयर्विन पूल, दुसऱ्यात चिमणी,
पारडं चिमणीकडं झुकलेलं.
आणि पानोपानी खालच्या कोपऱ्यात
पान उलटताना उमटलेला
हळदीचा अंगठा.

मी पेन्सिलीनं लिहिलं, हिशोब.
"आणि गांधाराचं काय करायचं?" सर म्हणाले.
खोडलं. लिहिलं, आत्मचरित्र.
"यात 'मी' किती वेळा आलाय, मोज."
दुपारभर मोजलं. चार.
खोडलं.
बालविभागातल्या पोरांनी चित्रकथा ठरवली,
कुलकर्णीवहिनी शेपूचं पान उतरवून घेऊन गेल्या,
एकानं तर जोरात वाचून बघितलं
आणि कविता आहे म्हणाला, कारण
ओळी कडेपर्यंत जात नव्हत्या.
"संकीर्ण लिही आणि मोकळी हो," सर म्हणाले.

संकीर्ण म्हणजे आमचं जिन्याखालचं कपाट.
द्राक्षबागेची छाटणी, बाद झालेलं रेल्वेचं वेळापत्रक,
कुठल्याशा बुडालेल्या पतपेढीची घटना.
लिहिताना हात जड झाला.
तर मुजावर मास्तर, तबल्याचा क्लास आटोपून आलेले,
वहीत डोकावून म्हणाले, अहो, आमच्यात
संकीर्ण म्हणजे नऊ मात्रा.
तकधिमि तकतकिट, टेबलावर वाजवूनच दाखवलं,
चार आणि पाच, उरलंसुरलं नव्हे, मोजलेलं.
आणि दोन-तीन राग एकात नांदले
अन् एकाचंही नाव बुडालं नाही,
तर त्यालाही तेच म्हणतात.

ते गेले. मी तकतकिटवर अडकले.
कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्येच राहिली,
चोपडी माझ्या टेबलावर.
बारदान वजा करायचंच असतं, हे मलाही कळतं.
पण हळद काही ओंजळीनं
गाडीत चढत नाही.

एका सोमवारी विलास ऐवळे आला,
कुणीतरी त्याला पान सांगितलं होतं. एकशेबारा.
आज सौदे बंद. काटा रिकामा.
ईश्वरा हमालाला वर उभं केलं.
एकोणपन्नास किलो.
पोतं साठाचं.
बारदान वजा केलं नाही.

तो उभ्यानंच वाचत राहिला.
मग झेरॉक्स मिळेल का म्हणाला,
घरात एकही फोटो नाही.
झेरॉक्सच्या वहीत 'कशासाठी' असा रकाना आहे.
त्यानं लिहिलं: वडील.
त्याला कुणी काही विचारलं नाही.

माझ्या सहाव्या रकान्यात
खोडून खोडून भोक पडलंय.
मार्चमध्ये ऑडिटवाला आला,
भोकाभोवती लाल गोल काढला,
चष्मा कपाळावर सारून आत पाहिलं.
खालच्या पानावरची कुणाची तरी नोंद दिसत होती.
"कादंबरीच आहे की," म्हणाला,
चोपडी थोडी चाळली, जरा जास्तच चाळली,
आणि सही करून निघाला.

त्यानं पायरीवर चपला घालताना
दाराला हात लावला तेव्हा पाहिलं मी:
अंगठा पिवळा होता.