बाहेरून कुलूप

रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : नळ.
साहेबांनी सही केली, वर पाहिलंसुद्धा नाही.
जालन्यात एवढं कारण पुरतं.
नवव्या दिवशी पाणी येतं, आणि किती वाजता
ते पाण्यालाच ठाऊक.

या खेपेला अकराला आलं, साडेबाराला गेलं.
हौद भरला, दोन टिपाडं, कळशा, कुकर,
बारक्याची खेळण्यातली बादली, तीही.
मग मोटार बंद केली
आणि घरात अशी सामसूम झाली
की माझाच श्वास मला ऐकू आला,
शेजारच्या खोलीतून यावा तसा.

राजनंदिनी साडेचारला येणार.
बारक्या अंगणवाडीतून परस्पर नुसरतच्या सासूकडं.
मुंजाजीचा निरोप होता : मिलमध्ये माणूस नाही,
डबल ड्यूटी करून रात्रीच येतो.
मोरीत त्याचे कपडे भिजत पडलेले,
पाण्यावर लोखंडाची तांबडी साय.
ओट्यावर सकाळच्या सुशील्याची कढई.
मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं.

मग मी काय केलं,
पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं,
बोळीनं वळसा घेऊन मागच्या दारानं आत आले,
स्वतःच्याच घरात, चोरासारखी,
आणि फरशीवर आडवी झाले.
उशी घेतली नाही.
उशी घेतली की ते झोपणं होतं,
आणि दुपारी झोपणाऱ्या बाईला
आमची गल्ली दिवाळीपर्यंत विसरत नाही.

कंपनीच्या लॅबमध्ये मी बी मोजते.
ओल्या कागदावर शंभर, ओळीनं, अंतर सोडून,
एकाला बुरशी लागली तर दुसऱ्याला लागू नये म्हणून.
गुंडाळी करून कपाटात उभी ठेवायची,
ठरल्या दिवशी उघडायची, रकाने भरायचे :
चांगला कोंब. वाकडा कोंब. मेलेलं.
कडेला आणखी एक बारीक रकाना असतो,
नव्या पोरी तो विसरतात :
ताजं, न उगवलेलं.
परवा एकीनं सूर्यफुलाचं अख्खं बी
मेलेल्यात मांडलं.
मी नखानं दाबून पाहिलं. टणक होतं.
म्हटलं, अगं, मळणीतून कालच तर आलंय हे,
दीड महिना याला कुणी काही विचारायचं नाही.
मान हलवून तिनं आकडा खोडला.
बियांबद्दल मला असं ठणकावून सांगता येतं.

कुलूप वाजलं. द्वारकाबाई.
"दळणाचं विचारायचं होतं... गेली वाटतं कामावर."
मी छताकडं बघत
गेलेली राहिले.

आणि मग मागच्या दाराची कडी
कुणीतरी बाहेरून काडीनं काढली.
मी उठून बसले.
मुंजाजी. चपला हातात,
डोळ्यांत भट्टीची लाली.
"तू?"
"तू?"
"मला वाटलं पाणी भरून तू परत जाशील," तो म्हणाला.
डबल ड्यूटीचं मी काढलं नाही.
पुढच्या कुलपाची किल्ली त्याच्याही खिशात असते,
तरी तो मागून आला होता.
"कधीपासून?" मी विचारलं.
तो बोटं मोजायला लागला.
म्हटलं, राहू दे.

तोही फरशीवर पडला,
माझ्यापासून वीतभर अंतर सोडून.
कुणाचा पगार, कुणाची फी, कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन,
कुणी काही काढलं नाही.
त्याच्या शर्टाला जळक्या लोखंडाचा वास होता,
माझ्या हाताला ओल्या कागदाचा.
केव्हातरी तो घोरायला लागला.
मी नाही. मी नुसती पडून होते,
आणि ते पुरेसं होतं, याचीच मला जरा लाज वाटली.

साडेचारला रिक्षा थांबली.
पायरीवर दप्तर आपटलं.
"मम्मी घरी नाहीये!"
राजनंदिनीनं सगळ्या गल्लीला कळवलं.
"ये बाई," पलीकडून द्वारकाबाई,
"तोवर एक धपाटं खा, दह्यासंगं."

मुंजाजीचे डोळे उघडे होते.
मी ओठावर बोट ठेवलं.

लेकरू सावकाश जेवतं.
एक धपाटं होईस्तोवर
आम्ही घरी नव्हतो.